दमानं घ्या, डीकन

आमच्या हॅझलफोर्डच्या मानवी संबंध आयोगाला नखं नाहीत, दात नाहीत, आणि खरं सांगायचं तर बसायला धड खुर्च्याही नाहीत. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात, लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी आम्ही सात जण महिन्यातून एकदा जमतो. शहरात कोणाला रंगावरून भाड्याचं घर नाकारलं, कामावरून काढलं, पोलिसांनी विनाकारण छळलं, की तक्रार आमच्याकडे येते. आम्ही ती ऐकून घेतो आणि मग दोन्ही बाजूंना कॉफी देतो. अध्यक्ष ग्लेन हॉफस्टेटर यांचं फर्निचरचं दुकान आहे, आणि जगातली सगळी भांडणं माणसांना समोरासमोर सोफ्यावर बसवलं की मिटतात, असा त्यांचा पक्का विश्वास आहे.

मी ओरेथा गेन्स. लोकस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर माझं बायकांचे केस सरळ करायचं दुकान आहे. महापौरांना आयोगात एक काळा माणूस हवा होता आणि एक बाई हवी होती. मला नेमून त्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. मी गप्प बसेन अशी त्यांची समजूत कोणी करून दिली होती कोण जाणे. ज्याने करून दिली, त्याच्या घरची बाई माझ्या दुकानात कधी आलेली नसणार.

ही गोष्ट लुव्हेनिया प्रॅटची आहे आणि या चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातलीच आहे. अजून पुरती संपलेलीही नाही.

ऑगस्टातला रविवार होता. चर्च सुटून लोक घरी आले होते, कोंबडी तळून झाली होती, आणि सगळा लोकस्ट स्ट्रीट आपापल्या व्हरांड्यात पाय पसरून बसला होता. लुव्हेनिया मांडीवर पातेलं घेऊन फरसबीच्या शेंगा मोडत होती. मी शेजारच्याच व्हरांड्यात होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. डीकन एझेल वॉटकिन्स यांची गाडी आली आणि त्यांच्या दारासमोर थांबली. तिच्या मागे पोलिसांची गाडी थांबली. मागचा दिवा फुटला होता म्हणे.

डीकन म्हणजे आमच्या चर्चचे जुने कारभारी. आयुष्यभर ओतकामाच्या कारखान्यात राबले आणि एकही रविवार चुकवला नाही. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. तेव्हापासून उजवा हात थरथरतो, आणि बोलायला गेले की शब्द घशात अडकून बसतो. डोकं मात्र ठणठणीत आहे. आजही हिशेबात चूक केलीत तर पकडतील.

गाडीतून उतरलेला पोलीस नवा होता. डॅरेल क्रोग त्याचं नाव. सोनेरी केसांचा, कोवळा, कडक इस्त्रीचा पोरगा. डीकनांच्या नातवाच्या वयाचा असेल, पण सुरुवातच अरेतुरेने केली.

"लायसन काढ."

डीकनांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. हात थरथरू लागला आणि खिशातच अडकला.

"काय शोधतोस? हात दिसू दे मला! अरे, बोल ना काहीतरी!"

डीकनांनी तोंड उघडलं, पण शब्द येईना. क्रोगचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. गल्लीतलं एक पोर हलेना. तेवढ्यात लुव्हेनिया, पातेल्यावर झुकलेली मान वर न करता, दर रविवारी म्हणते त्याच आवाजात म्हणाली, "दमानं घ्या, डीकन."

समोरच्या व्हरांड्यातून आमच्याच चर्चच्या सिस्टर रॉल्सनी री ओढली, "हो, दमानं."

त्यापलीकडून कोणी म्हणालं, "घाई नाही, डीकन. काही घाई नाही."

मीही म्हणाले. का म्हणणार नाही? आमच्या चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं, गाताना कोणाचा गळा भरून आला, नवऱ्याला पुरून आलेली बाई दोन शब्द बोलताना अडखळली, की आम्ही तिला एकटं सोडत नाही. सगळं चर्च म्हणतं, दमानं. त्याचा अर्थ एवढाच की आम्ही कुठे चाललो नाही, तू सापडेल तेव्हा शब्द शोध. आमच्यात पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात.

क्रोगला हे कोणी शिकवलं नव्हतं. चारी बाजूंच्या व्हरांड्यांतून काळी माणसं एका सुरात काहीतरी म्हणताहेत, म्हाताऱ्याला वेळ काढायला सांगताहेत, म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढंच त्याला कळलं. आम्ही म्हणालो दमानं, त्याला ऐकू आला दम. त्याने वायरलेसवर मदत मागितली. आणखी तीन गाड्या सायरन वाजवत आल्या. सुरुवात कोणी केली, तर त्या बाईने, असं क्रोगने लुव्हेनियाकडे बोट दाखवून सांगितलं. मग त्या बाईला व्हरांड्यातून दंडाला धरून खाली ओढलं. पातेलं उलटं झालं आणि शेंगा पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत गेल्या. लुव्हेनियाने आरडाओरडा केला नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "माझा अॅप्रन तरी सोडू दे, बाबा."

डीकनांना दिव्याचा दंड झाला आणि लुव्हेनियावर गुन्हा दाखल झाला: पोलिसांच्या कामात अडथळा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर मुळात चोरच नव्हता.

गुन्हा किरकोळ होता. तिला त्याच दिवशी सोडलं. पण लुव्हेनिया शाळेची बस चालवते, आणि शाळेचा नियम असा की अंगावर गुन्हा उभा आहे तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडणार होती. ती बस तिला कोणी ताटात वाढून दिली नव्हती. इतकी वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासून, तिथल्याच पटांगणात सुट्टीच्या दिवशी गाडी शिकून, दोनदा नापास केल्यावर तिसऱ्यांदा परीक्षा देऊन तिने ती मिळवली होती. हॅझलफोर्डमध्ये पिवळ्या बसच्या स्टिअरिंगमागे बसलेली पहिली काळी बाई ती. नवरा गेल्यापासून तिच्या आयुष्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक चर्च आणि दुसरी ती बस. आणि आता दोन्ही एकमेकींच्या आडव्या आल्या होत्या.

तक्रार आमच्या आयोगाकडे आली. हॉफस्टेटरांनी पोलीसप्रमुखांना फोन केला, शहराच्या वकिलाला फोन केला, आणि तडजोड घेऊनच बैठकीला आले. इतके खूश होते की कॉफी त्यांनी स्वतः ओतली.

"सोपं आहे, ओरेथा. जाहीर सुनावणीत पोलीसप्रमुख उभे राहून म्हणतील, गैरसमज झाला याचा आम्हाला खेद आहे. मग लुव्हेनिया उभी राहून म्हणेल, माझ्या बोलण्यामुळे गैरसमज झाला याचा मला खेद आहे. बस्स. गुन्हा मागे. सोमवारी बाई बसमध्ये."

"मिसेस प्रॅट," मी म्हणाले.

"काय?"

"पोलीसप्रमुख ते 'प्रमुख', आणि ती 'लुव्हेनिया'? मिसेस प्रॅट म्हणा."

"बरं बाई, मिसेस प्रॅट. पण तिला समजावशील ना? एकच तर वाक्य आहे."

एकच तर वाक्य आहे! सोफा विकणाऱ्याला वाक्याची किंमत काय कळणार? तरी मी ते वाक्य घेऊन आले, कारण निर्णय माझा नव्हता, तिचा होता.

ती माझ्या दुकानातच होती. केस धुऊन खुर्चीत बसली होती, आणि मी शेगडीवर लोखंडी कंगवा तापवत होते. मी तिला तडजोड सांगितली.

"म्हणजे मी म्हणायचं, चुकले?"

"चुकले नाही. खेद आहे."

"ओरेथा, खेद कशाचा असतो? केलं त्याचाच ना? तू मला काय शेंबडं पोर समजतेस?"

"मी काहीच समजत नाही. ते म्हणाले ते सांगतेय. कान सांभाळ, कंगवा तापलाय."

"बस हवी आहे मला," ती म्हणाली. "सांगून ठेवते, मी काही संत नाही. ती बस मला हवी आहे. रोज सकाळी इंजिन सुरू झालं ना, की वाटतं, चला, लुव्हेनिया, आपण अजून जिवंत आहोत. पण समज, मी म्हटलं ते वाक्य. मग पुढच्या रविवारी चर्चमध्ये कोणी उभं राहिलं आणि अडखळलं, तर मी काय करू? मूग गिळून गप्प बसू?"

"चर्चमध्ये पोलीस नाहीत."

"तेवढ्यासाठी म्हणायचं होय? जिथे पोलीस नाहीत तिथेच म्हणायचं? जिथे गरज आहे तिथे नाही?"

मी तिच्या केसांवर जोर काढू लागले. तिने "आई गं" केलं तेव्हा भानावर आले.

दार वाजलं आणि डीकन आत आले. माझ्या दुकानात पुरुष येत नाहीत, त्यामुळे ड्रायरखाली बसलेल्या दोन बायकांनी चटकन डोक्याला टॉवेल गुंडाळले. डीकनांनी हॅट काढून छातीशी धरली.

"सिस्टर प्रॅट," ते म्हणाले, आणि थांबले. आम्ही वाट पाहिली. "म्हणून... टाका. ते वाक्य. माझ्यासाठी. मी... म्हातारा झालोय. माझ्या पायी तुमची भाकरी जायला नको. मला... झोप लागत नाही."

मला वाटलं, संपलं. ज्याच्यासाठी तोंड उघडलं तोच जर हात जोडायला आला, तर माणूस किती ताणून धरणार? लुव्हेनिया खुर्चीतून उठली. अर्धे केस सरळ, अर्धे ओले, गळ्यात माझं फडकं. तशीच जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"डीकन, तुम्ही मला बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात धरलं होतं. आठवतंय?"

"हो."

"मी घाबरून तुमच्या बाहीला लोंबकळत होते, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, घाई नको करू पोरी, दम धर. मग आज मला कशाला घाई करायला लावताय?"

डीकनांनी हॅट डोक्यावर चढवली आणि ते गेले. त्या दिवशी मला लुव्हेनियाचा अभिमानही वाटला आणि रागही आला. अभिमान का वाटला ते सांगायला नको. राग आला, कारण ती अडून बसली की बिल भरायची वेळ येणार तिच्यावर, आणि टाळ्या वाजवणार आम्ही.

सुनावणीच्या आदल्या रविवारी आमच्या पाळकांनी व्यासपीठावरून बजावलं. "आयोगासमोर शिस्तीत बसायचं. कोणी चकार शब्द काढायचा नाही. आपण तिथे ओरडलो, तर ते म्हणतील, बघा, हे असेच. सिस्टर प्रॅटची बस आपल्या तोंडावर अवलंबून आहे. तोंडाला कुलूप लावा." ते चांगल्यासाठीच सांगत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. लुव्हेनिया पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान हलवली की नाही, हे मला मागून दिसलं नाही.

तळघर गच्च भरलं होतं. आमची माणसं डावीकडे रविवारच्या कपड्यांत, पोलीस आणि त्यांच्या घरची माणसं उजवीकडे. मध्ये मोकळी वाट. ही वाट कोणी आखली नव्हती, ती आपोआप पडली. आम्ही सात जण टेबलामागे बसलो होतो. हॉफस्टेटरांनी लाकडी हातोडा आपटून नियम सांगितला: प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि बसलेल्यांपैकी कोणी बोलायचं नाही. कोणी बोललं तर सुनावणी थांबेल आणि तडजोडही रद्द होईल. ते शेवटचं वाक्य वकिलाने त्यांच्या कानात सांगितल्यावर ते बोलले.

पहिला क्रोग. त्याच्यावर माझा राग होता, अजूनही आहे, पण एक सांगते, तो खोटं बोलला नाही.

"ते सगळे एकच वाक्य म्हणत होते," तो म्हणाला. "चहूकडून. मला वाटलं, म्हाताऱ्याला सांगताहेत, वेळ काढ, तोवर आम्ही काहीतरी करतो. खिशात काय आहे मला माहीत नव्हतं. मी घाबरलो होतो."

मी विचारलं, "क्रोगसाहेब, तुम्ही चर्चला जाता?"

"हो, बाई. काउंटी रोडवरच्या, लुथरन पंथाच्या."

"तिथे कोणी बोलायला उभं राहिलं आणि अडखळलं, तर बाकीचे काय करतात?"

त्याने थोडा विचार केला. "गप्प बसतात. खाली बघतात. त्याला लाज वाटू नये म्हणून."

"म्हणजे तुमच्याकडे माणूस अडला की त्याला एकटा सोडतात," मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. हॉफस्टेटर म्हणाले, "ओरेथा, हा प्रश्न नाही." मी म्हणाले, "नाहीच आहे."

मग डीकनांचं नाव पुकारलं. ते काठीच्या आधाराने पुढे आले आणि मायक्रोफोनपाशी उभे राहिले. हॉफस्टेटरांनी घड्याळ समोर ठेवलं.

"माझं नाव... एझेल वॉटकिन्स. त्या रविवारी मी..."

तिथेच अडलं. तोंड उघडं, जबडा हलतोय, आवाज नाही. उजवा हात थरथरत वर आला आणि मायक्रोफोनच्या दांड्याला लागून खडखड वाजू लागला. अख्ख्या तळघरात तेवढाच आवाज होता.

आणि आमची माणसं गप्प होती. मी आयुष्यात त्यांना असं गप्प पाहिलं नव्हतं. सिस्टर रॉल्सनी रुमाल तोंडात कोंबला होता. पाळकांनी डोळे मिटून घेतले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो सगळे मिळून खात होते, लुव्हेनियाच्या बससाठी. डीकनांनी एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. सत्तर वर्षं जे ऐकत आले ते ऐकू येईना, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरणार नाही. लहान मूल बाजारात आईचा हात सुटल्यावर असं बघतं.

हॉफस्टेटर घड्याळाकडे बघत हळूच म्हणाले, "मिस्टर वॉटकिन्स, आपली वेळ..."

"दमानं घ्या, डीकन."

लुव्हेनिया जागची उठलीही नव्हती. पर्स मांडीवर, हात पर्सवर, आवाज नेहमीचा.

हातोडा आपटला. "मिसेस प्रॅट! नियम सांगितला होता मी! तुम्हाला कळतंय का, याचा अर्थ काय होतो?"

"चांगला कळतो," ती म्हणाली. "तुम्हालाच कळत नाही. त्यासाठीच तर जमलोय."

वकील उभा राहिला होता. पोलीसप्रमुखांनी दाराशी उभ्या असलेल्या शिपायांकडे पाहिलं. मला कळलं की आता जी काही पुढची गोष्ट होईल ती टेबलाच्या आमच्या बाजूने झाली पाहिजे. मी माझ्यासमोरचा मायक्रोफोन ओढला.

"अनुमोदन!"

हॉफस्टेटर माझ्याकडे बघतच राहिले. "कशाला अनुमोदन? हा ठराव नाही!"

"मग आता करते. ठराव असा, की डीकन वॉटकिन्स यांना हवा तेवढा वेळ द्यावा. ठराव मिसेस प्रॅट यांनी मांडला, मी अनुमोदन दिलं."

"तिला मांडता येत नाही, ती सदस्य नाही!"

"मग मी मांडते. आणि अनुमोदन नसेल द्यायचं कोणाला, तरी मी म्हणतेच. दमानं घ्या, डीकन. आता काढा मला बाहेर. शिपाई उभेच आहेत."

मग कुलूप तुटलं. सिस्टर रॉल्सनी रुमाल काढला. पाळकांनी डोळे न उघडताच म्हटलं, "दमानं, भाऊ." मागच्या रांगा, मधल्या रांगा. कोणी ओरडत नव्हतं, कोणी उभं राहिलं नव्हतं. सगळे अगदी साध्या आवाजात म्हणत होते, आणि हातोड्याचा आवाज त्यात कुठे गेला कळलं नाही. क्रोग उजवीकडे बसून हे सगळं ऐकत होता. तो खाली बघत नव्हता, डीकनांकडे बघत होता.

डीकनांचा हात शांत झाला. त्यांना शब्द सापडला.

"मी लायसन शोधत होतो. हात थांबेना. मी त्या पोराच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला कळलं, माझा हात आता जोरात हलला, तर तो मला मारणार. मी मरायला तयार होत होतो. स्वतःच्या दारात. मग मी सिस्टर प्रॅटचा आवाज ऐकला. हात थांबला. म्हणून... मी आज तुमच्यासमोर उभा आहे. गुन्हा म्हणता तुम्ही त्याला. मी त्याला माझा जीव म्हणतो."

एवढं बोलून ते जाऊन बसले. सगळं मिळून किती वेळ लागला मी पाहिलं नाही. हॉफस्टेटरांनी घड्याळ पालथं घातलं होतं.

पण पोलीसप्रमुख जुने खेळाडू. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "सभेत गोंधळ झाला, पण आम्ही मन मोठं करतो. तडजोड अजून उभी आहे. गैरसमज झाला याचा आम्हाला खेद आहे. आता बाईंनी त्यांचं वाक्य म्हणावं, म्हणजे उद्या सकाळी गुन्हा मागे घेतला जाईल."

मी चपापले. यापेक्षा त्यांनी नकार दिला असता तर बरं झालं असतं. बस परत समोर आणून उभी केली होती, दार उघडं ठेवून. डावीकडून कोणीतरी कुजबुजलं, "म्हण गं, म्हणून टाक, आता काय होतंय." डीकनांनी मान खाली घातली.

लुव्हेनिया उठली. मायक्रोफोनपाशी गेली नाही, सरळ आमच्या टेबलापाशी आली. पर्स उघडून तिने बसच्या किल्ल्या काढल्या. शाळेने त्या केव्हाच परत मागितल्या होत्या, तिने दिल्या नव्हत्या. तिने त्या हॉफस्टेटरांसमोर ठेवल्या.

"ह्या किल्ल्या तुमच्या. त्या मला शाळेने दिल्या होत्या, शाळेला परत करा. पण मी जे बोलले ते मला तुम्ही दिलेलं नाही, तेव्हा ते तुम्हाला परत मिळणार नाही. मला खेद नाही. तेव्हा नव्हता, आज नाही, आणि न्यायाधीशासमोर उभं केलंत तर तिथेही नसेल."

"मिसेस प्रॅट, विचार करा," हॉफस्टेटर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर काकुळतीला आला होता. "तुमची नोकरी..."

"केलाय विचार. तुम्ही नका माझ्यासाठी रडू, मी घरी जाऊन रडेन."

आणि गेली. मधल्या मोकळ्या वाटेने, मान ताठ ठेवून. क्रोग दाराशी बसला होता, त्याला पाय मागे घ्यावे लागले.

आयोगाने मतदान केलं. बाईंची काही चूक नाही, गुन्हा मागे घ्यावा, पोलिसांनी लोकस्ट स्ट्रीटच्या लोकांशी बोलायला शिकावं: बाजूने चार, विरुद्ध तीन. चौथं मत हॉफस्टेटरांचं होतं. ते त्यांनी माझ्याकडे न बघता दिलं. पण आमचा आयोग फक्त शिफारस करतो, आणि महापौरांच्या टेबलाला खूप खोल ड्रॉवर आहे. गुन्हा उभाच राहिला. ऑक्टोबरात तारीख आहे.

शाळा उघडली त्या सकाळी पिवळी बस लोकस्ट स्ट्रीटवर आली. तिच्यात कोणीतरी परका माणूस बसला होता. त्याने दार उघडलं, हॉर्न वाजवला. एकही मूल चढलं नाही. आया पोरांचे हात धरून फुटपाथवर उभ्या होत्या. ही गोष्ट कोणी ठरवली, याच्या माझ्या दुकानात चार वेगवेगळ्या हकिकती ऐकायला मिळतील, आणि चौघींतली प्रत्येक जण म्हणेल, मी. बस थोडा वेळ थांबली आणि रिकामीच पुढे गेली.

मग लुव्हेनिया रस्त्याच्या मधोमध आली. कामाच्या दिवशी घालायची तो निळा सदरा तिने घातला होता. तिच्या मागे पोरं, पोरांच्या मागे आया, आणि सगळ्यात मागे काठी टेकत डीकन. डीकन ज्या चालीने चालू शकतात त्या चालीने सगळी वरात निघाली, मीही त्यातच. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि मधला रस्ता एकच. आमच्या मागे दुधाची गाडी अडली, कारखान्याच्या पाळीवर निघालेले लोक अडले, फर्निचरचा टेम्पो अडला. हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका पोराने कान झाकले, दुसरा मजेत उलट्या पावलांनी चालू लागला.

पोलिसांची गाडी बाजूने पुढे आली. खिडकी खाली झाली. क्रोग होता. त्याने टोपी काढून बाजूच्या सीटवर ठेवली.

"मिसेस प्रॅट," तो म्हणाला. हे ऐकून मी जरा चमकले, पण हुरळून गेले नाही. शब्द शिकणं सोपं असतं. "मिसेस प्रॅट, मागे पार पुलापर्यंत रांग लागलीये. मला वरून विचारताहेत. अजून किती वेळ लागणार आहे?"

लुव्हेनियाने चाल बदलली नाही. मागे वळून डीकनांकडे पाहिलं. ते येत होते, एक पाऊल, काठी, एक पाऊल.

"लागेल तेवढा," ती म्हणाली.